गिऱ्हाइकानें पाहिलेलें स्वयंपाकघर

घर विकत घ्यावयास आलेला मनुष्य प्रथम पाया आणि भिंती पाहतो, अशी पुरुषवर्गाची एक जुनी समजूत आहे. राजापेठेंतील आमचें घर विकावयाचें ठरल्यापासून सव्वा वर्षांत सतरा कुटुंबें तें पाहून गेलीं. त्यांतील पुरुषमंडळी ओसरीवर बसून मिळकतपत्रिका, रस्त्याची रुंदी, नळजोडणी, तुळयांचें सागवान यांविषयीं भाऊजींशीं सविस्तर बोलत. बायका मात्र पाणी घेतलें कीं उठत आणि "आंत पाहूं कां?" एवढें विचारून थेट मागें जात. दहा मिनिटांनीं त्या बाहेर येत, यजमानांकडे एकवार पाहत, आणि ओसरीवरील चर्चा कितीही रंगांत आलेली असली तरी "बरें आहे, कळवतों" या शब्दांवर ती संपे. सतरांपैकीं चौदांचा निकाल असा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लागला. मौज ही कीं, पायांत जोडे चढवितांना पुरुष कारण सांगत तें किमतीचें.

घर विकण्यामागें कांहीं विशेष हकीकत नाहीं. आमचे आजेसासरे वकील. त्यांनीं सुमारें नव्वद वर्षांपूर्वीं अमरावतीच्या परकोटाबाहेर, बडनेऱ्याच्या रस्त्याच्या बाजूला ही जागा घेतली, तेव्हां भोंवतीं मोकळें रान होतें, असें सासूबाई ऐकीव सांगत. आतां चारही बाजूंस पांच-पांच मजल्यांच्या इमारती आहेत आणि आमच्या अंगणांत ऊन यावयाचें तें शेजाऱ्यांच्या गच्चीची परवानगी घेऊन. तिघां भावांपैकीं मधले पुण्यास स्थायिक झाले. मामंजी गेले, मागोमाग सासूबाई गेल्या. मोठे भाऊजी-जाऊबाई, आम्ही उभयतां आणि दोन्हीकडचीं मुलें-सुना मिळून अकरा माणसें मागें उरलीं. कौलें दरवर्षीं बदलावीं लागत. तेव्हां वांटणी करावी, आणि अकरा जणांनीं एकत्रच राहावयाचें तर एखादी मोठी सदनिका किंवा शेजारशेजारच्या दोन पाहाव्या, असें ठरलें. म्हणजे एकाच वर्षीं आम्ही विकणारेही झालों आणि घेणारेही.

आमच्या घराची मांडणी त्या काळच्या वऱ्हाडांतील ब्राह्मणी घरांसारखीच. ओसरी, मग बैठक, मग माजघर, त्याला लागून देवघर, आणि सर्वांच्या शेवटीं स्वयंपाकघर. परक्याची दृष्टि पडूं नये, सोवळ्यांतल्या पाण्यास कोणाचा स्पर्श होऊं नये, हा त्या मांडणीमागचा हेतु. तो इतका उत्तम साधला कीं परक्याच्या दृष्टीबरोबर सूर्याचीही दृष्टि तेथें पडेनाशी झाली. प्रकाशासाठीं पश्चिमेच्या भिंतींत, माणसाच्या डोक्याच्याही वर, दीड फूट रुंद व एक फूट उंच असा एक झरोका होता. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणें स्वयंपाकघरास मोकळ्या जागेकडे थेट उघडणारी, निदान एक चौरस मीटर क्षेत्रफळाची खिडकी असावी लागते. आमचा झरोका त्याच्या सातव्या हिश्श्याएवढा भरतो. त्या एक सप्तमांश उजेडांत तीन पिढ्यांनीं तांदूळ निवडले.

उजेडाअभावीं गिऱ्हाईक परत जातें हें समजण्यास आम्हांस पहिलीं तीन कुटुंबें पुरलीं. घर दाखविण्याचें काम करणाऱ्या दलालानें मग सल्ला दिला कीं, माणसें यावयाच्या वेळीं आंतले सगळे दिवे लावून ठेवावे आणि वेलदोडा घालून दूध उकळत ठेवावें. आम्ही दोन दिवस तेंही केलें. दिव्यांनीं कोळ्यांचीं जाळीं तेवढीं स्पष्ट दिसलीं. चुलीच्या काळचें धुराडें केव्हांच बुजवलें गेलें होतें, पण तुळयांवर बसलेली काजळी कशानेंही निघाली नाहीं. चौथ्या वेळीं आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनीं ती काजळी बोटानें पुसून पाहिली आणि बोट पुढें धरून विचारलें, "ही सगळी आंत ओढली कोणी?" ओसरीवर असा प्रश्न कोणीं काढला नव्हता.

दर्यापुराकडचे एक सधन शेतकरी सहकुटुंब आले. त्यांच्या आईसाहेब लुगडें सावरीत स्वयंपाकघरांत शिरल्या आणि जमिनींत बसविलेल्या दगडी उखळापाशीं थबकल्या. "काऊन जी, हे उखळ अजून काऊन ठेवलं? लेकरू पडन ना एखांदं!" उखळावर आम्ही लांकडी झांकण घालून ठेवीत असूं; पण जाऊबाईंच्या दोन्ही मुलांनीं त्यांत पाय मुरगळून घेतल्याचें आम्हांस आठवत होतें. उखळापासून चार हातांवर ताक घुसळण्याचा खांब. रवीची दोरी अडकविण्यासाठीं त्याला दोन कड्या होत्या. हा खांब छताला आधार देत नाहीं, कांहीं नाहीं. पण ओट्याकडून मोरीकडे जातांना प्रत्येक वेळीं त्याला वळसा घालावा लागे. घरांतलें दुभतें संपून पन्नास वर्षें झालीं, तरी तो उभा होता, कारण तो काढावा असें ज्यांस वाटे त्यांच्या हातीं गवंडी बोलावण्याचा अधिकार नव्हता.

आणि ओटा. १९६५ सालीं 'इंडेन' गॅस बाजारांत आला. आमच्या घरीं तो पोहोंचावयास आणखी दहा-बारा वर्षें गेलीं. बसून चुलीपुढें स्वयंपाक करणाऱ्या सासूबाई एका दिवसांत उभ्या राहून करूं लागल्या. मामंजींनीं मोठ्या उत्साहानें कडप्प्याचा ओटा घालून घेतला. गवंड्यानें उंची विचारली तेव्हां सासूबाई सोवळ्यांत होत्या आणि मामंजी कचेरींत; त्यानें अंगणांतल्या धुण्याच्या कट्ट्याची उंची घेतली. सव्वीस इंच! ओटा उभ्या माणसाच्या कोपरापेक्षां तीन-चार इंच खालीं असावा, हा साधा हिशोब आहे. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक स्त्रियांस बत्तीस ते चौतीस इंच उंची लागते. सहा-आठ इंचांची ती तूट रोज दोन वेळां, पोळ्या लाटतांना, कमरेनें भरून काढावयाची. सासूबाई वांकल्या त्या वयानें, असें सर्वजण म्हणत. जाऊबाई पन्नाशींत वांकूं लागल्या, तेव्हां त्यांच्या वयास कोणी दोष दिला नाहीं इतकेंच. ओट्यासही दिला नाहीं. गिऱ्हाइकानें मात्र पहिल्या भेटींतच दिला. पर्समधून मोजपट्टी काढणारी एक तरुण मुलगी आमच्या समोर "सव्वीस!" असें म्हणून इतकी हसली कीं, तिच्या सासूबाईंस तिला दटावावें लागलें. कडप्प्यावर लिंबाचे व चिंचेचे पांढरे डाग पडले होते तेही तिनें बोटानें मोजले. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड. आंबट पदार्थ त्यास खातो. ग्रॅनाइटास खात नाहीं.

एका गोष्टींत मात्र आम्ही गिऱ्हाइकांच्या विरुद्ध आहों. ती म्हणजे मोरी. स्वयंपाकघरांतच कोपऱ्यांत चार फूट लांबरुंद, वीतभर खोल अशी शहाबादी फरशीची मोरी पाहून झाडून सर्व बायका नाकाला पदर लावीत. वास येतो, झुरळें येतात, ही तक्रार खरी. पण ती मोरीच्या तोंडाशीं वाकडी नळी नसल्याची तक्रार आहे. नळीच्या त्या वाकांत पाणी साठून राहिलें कीं गटारांतली हवा वर येत नाहीं. दोन-चारशें रुपयांचें काम. उलट दिवाळीच्या चकलीची कढई किंवा पन्नास माणसांच्या वरणाचें पातेलें हल्लींच्या पोलादी सिंकमध्यें घालून पाहावें! अर्धें पातेलें आंत, अर्धें बाहेर, आणि पाणी सगळें धुणारीच्या पोटावर. रोजच्या कपबशांसाठीं उभें सिंक आणि मोठ्या भांड्यांसाठीं खालची मोरी, अशी दोन्ही सोय ज्या घरांत असेल तें घर आम्ही डोळे मिटून घेऊं. तसेंच कोठीघर. वर्षाची तूर, गहूं, तिखट, उन्हाळ्यांतल्या कुरडया-सरगुंड्या ठेवावयास सहा फूट बाय आठ फुटांची आमची कोठी होती. "ही भिंत पाडतां येईल ना?" असें प्रत्येक तरुण जोडप्यानें विचारलें. पाडतां येईल. मग मे महिन्यांत केलेलें वाळवण पलंगाखालीं ठेवावें लागेल.

दहावें किंवा अकरावें कुटुंब वास्तुशास्त्र जाणणारे एक गृहस्थ बरोबर घेऊन आलें. त्यांनीं होकायंत्र ठेवलें, स्वयंपाकघर वायव्येस निघालें, आणि बोलणें तेथेंच खुंटलें. अग्नीची जागा आग्नेयेस, हा जुन्या शास्त्राचा नियम सर्वांस ठाऊक आहे. भाऊजींस राग आला. ते या गोष्टींस थोतांड म्हणतात. आमचें मत जरा निराळें आहे. ग्रहशांतीचा भाग सोडून दिला तरी वऱ्हाडांत या नियमास एक व्यवहारी बाजू आहे. आपल्याकडे उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत वारा बहुधा पश्चिमेच्या बाजूनें वाहतो. पश्चिमेकडच्या स्वयंपाकघरांतली फोडणी तो घरभर फिरवितो. पूर्वेकडच्या किंवा आग्नेयेकडच्या स्वयंपाकघरांतली बाहेर नेतो. शिवाय अमरावती-अकोल्यास मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. पश्चिमेची भिंत दिवसभर तापून सायंकाळीं, म्हणजे नेमक्या रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळीं, ती उष्णता आंत सोडूं लागते. सायंकाळच्या त्या दोन तासांत आमच्या झरोक्याखालीं उभें राहून भाकरी थापणें काय आहे, हें त्या होकायंत्रवाल्या गृहस्थांनीं सांगितलें नाहीं. पण त्यांनीं नापसंत केलेली जागा नापसंत करण्याजोगीच होती.

एवढ्या नकारांनंतर भाऊजींनीं एके रात्रीं जेवतांना विषय काढला. पुण्याहून मधले भावजीही आले होते. किमतींतून तीन लाख कमी करावे, किंवा दीड लाख घालून स्वयंपाकघर नवें करावें आणि मग दाखवावें, असा हिशोब कागदावर मांडलेला होता. खिडकी पाडणें, खांब काढणें, उखळ बुजविणें, ओटा नवा, भिंतींस टाइल्स. यादी वाचून झाल्यावर भाऊजी सहज म्हणाले, "हें सगळें इतकें गैरसोयीचें होतें, तर तुम्ही बायकांनीं पूर्वीं कधीं सांगितलें कसें नाहीं?"

जाऊबाई वाढीत होत्या. त्यांनीं आमटीची पळी भांड्यांत ठेवली. "सांगितलें होतें," त्या म्हणाल्या. "ओट्याचें दोनदां, खांबाचें निदान चारदां. खिडकीचें तर सासूबाईंनीं मामंजींना सांगितल्याचें मी ऐकलें आहे. पण आम्ही कांहीं घर घ्यायला आलेल्या नव्हतों."

कोणी कांहीं बोललें नाहीं. मधल्या भावजींनीं ताकाची वाटी पुढें केली. दुसऱ्या दिवशीं कागदावरची यादी भाऊजींनीं स्वतःच फाडून टाकली. दुसऱ्याच्या बायकोसाठीं आपण खिडकी पाडावयाची, हें त्यांस रुचेना. त्यांचा तो विचार आम्हांस आवडला. दीड लाख रुपयेही वांचले.

याच सुमारास एक निवृत्त शिक्षिका घर पाहावयास आल्या. बरोबर मुलगा व सून. या बाईंनीं घाई केली नाहीं. उजेड नाहीं हें पाहून भिंत कोठें फोडतां येईल तें पाहिलें, मोरीस नांवें ठेविलीं नाहींत, कोठीघर पाहून तर त्या खूष झाल्या. स्वयंपाकघराच्या मागें एक अंधारी खोली आहे. तिला घरांत 'कोपऱ्यांतली खोली' म्हणतात आणि तिचें दार स्वयंपाकघरांत न उघडतां परसांत उघडतें. ती कशासाठीं, हें त्यांस सांगावें लागलें नाहीं. "महिन्याचे चार दिवस," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि सुनेनें आश्चर्यानें त्यांच्याकडे पाहिलें. मग परसदार उघडलें. दाराच्या बाहेर, उंबऱ्याच्या दोन फूट खालीं, एक दगडी कट्टा आहे. लांबट, गुळगुळीत, मधोमध किंचित् खोलगट झालेला.

"हा कट्टा?" त्यांनीं विचारलें.

जाऊबाईंनीं खरें तें सांगितलें. अंगणाबाहेरचीं कामें करणाऱ्या माणसांस वरून अन्न वाढावयाचें तें यावर. त्यांनीं उचलून न्यावयाचें. नंतर कट्ट्यावर पाणी ओतावयाचें.

बाई जरा वेळ उभ्या राहिल्या. "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "आमची आजी सांगत असे. हें घर नव्हे, दुसरीकडचें. पण कट्टा असाच."

१९२७ च्या नोव्हेंबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं अमरावतीस परिषद भरली आणि अंबादेवीच्या देवळांत सर्वांस प्रवेश मिळावा ही मागणी तींत झाली. राजापेठेपासून तें देऊळ लांब नाहीं. देवळाच्या दाराविषयीं गांवांत सभा भरल्या, ठराव झाले, वर्तमानपत्रांत लिहून आलें. पुढें आठ-दहा वर्षांनीं आमचें घर बांधलें गेलें तेव्हां तो सगळा वाद वकिली करणाऱ्या आजेसासऱ्यांस पूर्ण ठाऊक असला पाहिजे. आणि कट्टा नव्या घराबरोबर नवाच घडवून बसविलेला आहे. स्वयंपाकघराच्या मागील दाराविषयीं कोणी ठराव केला नव्हता.

भाऊजी घाईनें म्हणाले, "तो कट्टा आम्ही काढून देऊं. एका दिवसाचें काम आहे."

"काढा, नका काढूं," बाई शांतपणें म्हणाल्या. "घर चांगलें आहे. पण मला सकाळीं उठून दार उघडायचें तें हेंच ना?"

त्यांनीं घर घेतलें नाहीं. जातांना त्यांनीं किमतीचें नांव काढलें नाहीं, ही गोष्ट आम्हीं मुद्दाम येथें नमूद करतों. त्या गेल्यानंतर आठवडाभरांत भाऊजींनीं माणूस लावून कट्टा उखडला. विक्रीशीं त्याचा संबंध नव्हता. तसें त्यांनीं बोलून दाखविलें नाहीं, आणि आम्हीही विचारलें नाहीं.

इकडे आमचें सदनिका पाहणें चाललेंच होतें. आतां नाक मुरडण्याची पाळी आमची होती. जुन्या घराच्या स्वयंपाकघरांत उजेड सोडून सर्व कांहीं होतें. नव्यांत उजेड सोडून कांहींच नाहीं, असें पहिल्या दोन इमारती पाहून वाटलें. बांधकाम संहितेनें जेवणाची जागा निराळी असल्यास स्वयंपाकघरास निदान पांच चौरस मीटर क्षेत्र व १.८ मीटर रुंदी सांगितली आहे. ही किमान मर्यादा. बांधणाऱ्यांनीं ती कमाल समजून पाळलेली दिसते. १.८ मीटरांतून साठ सेंटिमीटरांचा ओटा वजा केला कीं उभें राहण्यास १.२ मीटर, म्हणजे चार फूट उरतात. एका बाईस तें पुष्कळ झालें. पण समोरच्या भिंतीसही साठ सेंटिमीटरांचा ओटा किंवा फ्रिज आला, म्हणजे मधें उरतात दोन फूट. तेथें जाऊबाई पोळ्या लाटीत असतां आम्ही मागून कुकर घेऊन जावयाचें म्हणजे एक तर त्यांनीं श्वास रोखावा किंवा आम्हीं.

अशा स्वयंपाकघराचा मूळ नमुना जर्मनींतल्या फ्रँकफुर्टचा. १९२६ सालीं मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यविशारद बाईंनीं कामकरी कुटुंबांच्या घरांसाठीं १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असें स्वयंपाकघर आंखलें. आगगाडीच्या भोजनडब्यांत थोड्या जागेंत किती काम होतें, हें त्यांनीं लक्षांत घेतलें होतें. बाईचीं पावलें वांचावीं, तिचा वेळ वांचावा, हा हेतु. सुमारें दहा हजार घरांत तीं बसविलीं गेलीं. कल्पना खरोखरच उपकारक होती, आणि आमच्या त्या रवीच्या खांबापुढें तर तिला हात जोडावे. पण ती एकट्या बाईसाठीं होती. दोघी-तिघींनीं मिळून, बोलत, एकीनें निवडीत आणि दुसरीनें चिरीत करावयाचा स्वयंपाक त्या मापांत बसत नाहीं. आणि जेथें दुसऱ्या कोणास उभें राहावयास जागाच नाहीं, तेथें मदतीस या, असें मुलांस व पुरुषांस म्हणणार तरी कसें?

दुसरी तऱ्हा उघड्या स्वयंपाकघराची. दिवाणखाना आणि ओटा यांत भिंतच नाहीं. सुनांस तें फार आवडलें, आणि कां आवडलें तें आम्हांस समजतें. मागच्या अंधारांत एकटीनें राबावयाचें आणि बैठकींतलें हंसणें भिंतीआडून ऐकावयाचें, हें तरी त्यांत संपतें. परंतु वऱ्हाडांत दोन अडचणी आहेत. एक फोडणी. लाल मिरची तेलांत पडली किंवा तव्यावर ठेचा परतावयास घेतला कीं गच्चीवरचें मनुष्य खोंकतें. धूर बाहेर सोडणारी नळी असलेली चिमणी हवी. नुसती जाळीतून हवा गाळून परत खोलींतच सोडणारी चिमणी उष्णता व वाफ बाहेर नेत नाहीं. दुसरी अडचण कूलरची. वऱ्हाडांत मार्च ते जून कूलरावांचून दिवाणखाना नाहीं, आणि कूलरचा झोत गॅसच्या ज्योतीवर गेला कीं ज्योत एक तर वांकडी जळते किंवा विझते, आणि गॅस येतच राहतो. एका नमुन्याच्या सदनिकेंत कूलरची खिडकी शेगडीच्या अगदी समोर ठेवलेली पाहून आम्हीं तेथल्या मुलास त्याचें कारण विचारलें. तो म्हणाला, "एसी लावा ना, काकू." विजेचें बिल तो भरणार नव्हता.

गॅसविषयीं आणखी एक. घरगुती टाकींतला गॅस हवेपेक्षां जड असतो. गळला तर तो वर न जातां जमिनीलगत साठतो. ओट्याखालीं टाकी ठेवून पुढें घट्ट झडपा लावण्याची टूम सुंदर दिसते, पण त्या झडपांस तळाशीं फटी किंवा जाळी नसेल तर तें कपाट घेऊं नये. वरची खिडकी कितीही मोठी असली तरी तिचा येथें उपयोग नाहीं. तसेंच, भांडीं घासण्यासाठीं जी सुकी बाल्कनी देतात ती चटईक्षेत्रांत धरली आहे काय, हें अवश्य विचारावें. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्यांत चटईक्षेत्राची जी व्याख्या आहे तींत बाल्कनी येत नाहीं. आणि ताबा घेतल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधकामाचा दोष निघाल्यास तो बांधणाऱ्यानें स्वखर्चानें दुरुस्त करावयाचा असतो. स्नानगृहाच्या भिंतीची ओल स्वयंपाकघरांत उतरली तर बायकांनीं ती नशिबावर न घालतां लेखी कळवावी.

आमचें घर अखेर विकलें गेलें. घेणारे गृहस्थ इमारती बांधतात. त्यांनीं फीत धरून जागेची लांबी-रुंदी घेतली, रस्ता मोजला, ओसरीवर चहा घेतला आणि ठरलेली किंमत कबूल केली. स्वयंपाकघरांत त्यांनीं पाऊलही टाकलें नाहीं. जाऊबाईंनीं रिवाजाप्रमाणें "आंत पाहतां कां?" म्हणून विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "काय करायचं आहे, पाडायचंच तर आहे." सागवानी तुळया मात्र त्यांनीं नीट मोजून नेल्या. काजळीसकट.

शेजारशेजारच्या दोन सदनिका राजापेठेंतच मिळाल्या. मधली भिंत थोडी काढून दोन्ही स्वयंपाकघरें एक करावयाचीं होतीं. संरचनेच्या अभियंत्यानें ती भिंत भार घेणारी नाहीं असें लिहून दिल्यावर परवानगीनें तें काम झालें. आग्नेयेस नाहींत, पूर्वेस आहेत, चालेल. मागच्या महिन्यांत ओटा घालणारा कारागीर आला आणि भाऊजींकडे वळून त्यानें उंची विचारली. भाऊजींनीं जाऊबाईंस हांक मारली. त्या पोळपाट-लाटणें घेऊनच आल्या. भिंतीशीं उभ्या राहिल्या, हात कोपरांत दुमडला, लाटणें हवेंत दोनदां फिरवलें, आणि म्हणाल्या, "येथें." कारागीर म्हणाला, "बाई, सगळीकडे बत्तीस घालतात, हे साडेतेहतीस होतील." त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. आमची उंची त्यांच्याहून दोन बोटें कमी आहे. आम्हीही उभ्या राहिलों, मग धाकटी सून उभी राहिली, आणि बराच वेळ वाद होऊन कारागिरानें भिंतीवर पेन्सिलीनें तेहतीसवर रेघ ओढली.